तिनं फडकं दिलं नाही म्हणे

माझ्या भाऊजींचा मृत्यू बोईसरमध्ये एका वाक्यात सांगितला जायचा. "बायकोनं फडकं दिलं नाही म्हणे." नळावर, रेशनच्या रांगेत, उमरोळीच्या फलाटावरसुद्धा मी हे वाक्य ऐकलं आहे. बोलणाऱ्याला मी कोण ते माहीत नसायचं. मी वळून विचारायचे, "आणि कंपनीनं काय दिलं?" तो माणूस थोडा लांब सरकायचा आणि तेच वाक्य तिसऱ्याच कुणाला तरी सांगायचा.

हे वाक्य पहिल्यांदा कुणी उच्चारलं ते मला माहीत आहे. कुणासमोर, कुठला शर्ट घालून, तोंडात कुठली सुपारी धरून, तेही माहीत आहे. माणसं म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

फडकं म्हणजे काय ते आधी सांगते. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत भाऊजी कामाला होते. मोठ्या पोलादी रिअॅक्टरच्या तोंडातून पावडरीच्या गोणी आत ओतायच्या हे त्यांचं काम. ओतताना आतून वाफ यायची. पिवळी, घशाला ओरबाडणारी. कंपनी मास्क देत नव्हती. मास्क होते, पण कपाटात. सरकारी तपासनीस येणार असला की ते निघायचे आणि तो गेला की पुन्हा कुलपात जायचे. मग कामगारांनी आपली सोय केली. जुन्या सुती धोतराचं किंवा परकराचं कापड तीन पदरी दुमडायचं, सोड्याच्या पाण्यातून काढून पिळायचं आणि नाकातोंडावर बांधायचं. हे कापड घरून यायचं. बायका ते धुवायच्या, दुमडायच्या, डब्याबरोबर द्यायच्या. हळूहळू असं झालं की फडकं देणं ही बायकांचीच जबाबदारी ठरली. कंपनीनं तसं कधी लिहून काढलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

माझी ताई या फडक्याला अंगठ्यानं इस्त्री केल्यासारख्या घड्या घालायची. मी पालघरला कॉलेजात होते आणि अर्धा आठवडा तिच्याकडे बोईसरला राहायचे. आमच्या घरी वडिलांचा छोटा छापखाना. युनियनची, मोर्च्यांची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं तिथे छापली जायची. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या वाया गेलेल्या कागदांवर. त्यामुळे ताईच्या सासरचा एक नियम मला सहन व्हायचा नाही. ताईची सासू दातिवऱ्याची. मासेमारी करणाऱ्या घरातली, स्वतः टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी. मी तिला मावशी म्हणायचे. त्यांच्या घरी पाळीच्या दिवसांत बाईनं जाळ्याला शिवायचं नाही, होडीच्या जवळ जायचं नाही, असा नियम होता. मुलगा होडी सोडून कारखान्यात गेला, तसा मावशीनं तो नियम उचलून बोईसरला आणला. घरात जाळं नव्हतं. मग जाळ्याचा नियम फडक्याला लागला. फडकं देवाच्या फळीवर ठेवलं जायचं. पाळीच्या दिवसांत ताई मागच्या दाराशी गोणपाटावर बसायची आणि फडकं मावशी द्यायची.

"मावशी, ते नाक पुसायचं कापड आहे, दर्याचा नारळ नाही," मी एकदा म्हटलं.

"तुज्या बापाच्या कागदात लिवलं आसंल तसा," मावशी म्हणाली. "माजा पोरगा त्या धुरात जातो. देव लागतो तितं, कागद नाय लागत."

त्या दिवशी मावशी बोईसरला नव्हती. दातिवऱ्याला भावाच्या घरी लग्न होतं. ताई मागच्या दाराशी बसलेली. भाऊजींनी फळीकडे हात नेला आणि पुन्हा खाली घेतला. आदल्या दिवशीचं फडकं ओलंच आणि पिवळं पडलेलं होतं. "एक दिवस नाकाला सुट्टी," असं म्हणून ते हसत निघाले. ताईनं हाक मारली होती. "अहो, मीच देते धुऊन, कोण बघतंय?" ते म्हणाले, "आईला कळलं तर डोकं खाईल," आणि सायकलवर टांग मारली.

कारखान्यात धूर बाहेर ओढणारा मोठा पंखा काही दिवसांपासून बंद होता. शिफ्टवरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं. भाऊजींनी सुपरवायझरला सांगितलंही की पंखा चालू होईस्तोवर भरणी नको. सुपरवायझर म्हणाला, माल अडलाय, भर. त्यांनी भरला. वाफेचा लोट तोंडावर आला. त्यांच्याबरोबर झाकणाशी उभा असलेला दुसरा कामगार नाकावर चांगलं तीन पदरी फडकं बांधून होता. तोही कोसळला. तो वाचला, पण पुढे त्याला घरचा जिना चढता येत नव्हता. भाऊजी दवाखान्याच्या वाटेतच गेले.

तेराव्याला सुपरवायझर आला. निळा चौकडीचा शर्ट, तोंडात सुपारी. खाली बसला, मावशीच्या हाताला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, "काय करणार, आजी. त्या दिवशी नेमकं फडकं नव्हतं त्याच्याकडे. घरच्यांनी लक्ष द्यायला पाहिजे होतं."

मावशीनं ताईकडे पाहिलं. ती नजर मी पाहिली. त्या नजरेत राग होता, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. फडकं देण्याचं काम त्या दिवशी मावशीचं होतं आणि मावशी दातिवऱ्याला मांडवात होती. हे तिला माहीत होतं, ताईला माहीत होतं, मला माहीत होतं. सुपरवायझरनं तिला त्या ओझ्यातून सुटायचा रस्ता दाखवला आणि ती त्या रस्त्यानं गेली.

"माजा पोरगा फडक्याबिगर गेला," ती दुसऱ्या दिवसापासून बाजारात सांगू लागली. "ही बसली व्हती मागं. माज्या पोराला कोन देनार?"

बाजारातून ते वाक्य वसाहतीत गेलं, चाळीत गेलं, कंपनीच्या गेटपर्यंत गेलं. तिथून ते कंपनीचं झालं. कंपनीच्या लोकांकडे कुणी पंख्याचं विचारलं की ते वाक्य पुढे करायचे. ताईला बोलायलाच जागा राहिली नाही. नळावर ती गेली की बायका हंडे बाजूला घ्यायच्या. ताईनं बोलणं जवळजवळ सोडलं. मी एक पत्रक लिहिलं. त्यात "भांडवली नफेखोरी" होती, "पितृसत्ता" होती, उद्गारचिन्हं होती. वडिलांनी छापून दिलं, मी गेटवर वाटलं. कामगारांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी त्यात भजी बांधून घेतली.

ताईच्या शेजारच्या खोलीत आसामकडच्या एक काकी राहायच्या. त्यांचा नवरा कापडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. काकी आहोम, आसामवर कधीकाळी राज्य केलेल्या समाजातल्या. त्यांच्या गावाकडे घरोघरी माग असतात. इथे त्यांनी मागच्या ओसरीत बांबूच्या काठ्या बांधून एक छोटासा माग उभा केला होता आणि दुपारभर त्यावर लाल किनारीचे पांढरे पंचे विणायच्या. हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायच्या. त्या चाळीत ताईकडे येणं न सोडलेल्या त्या एकट्याच.

एकदा दुपारी त्या चहा घेऊन आल्या आणि मीच चिडून त्यांना सगळं सांगितलं. नियम, फळी, फडकं, तेरावं. ताई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. काकींनी कप खाली ठेवला.

"अरे, ये तो हमारे घर की कहानी है," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. चारशे वर्षांहून जुनी. आहोम राजाच्या दरबारातला एक मोठा सरदार, त्याची बायको. त्यांच्याकडे रीत अशी, की पुरुष लढाईला निघायच्या आदल्या रात्री घरच्या बायकांनी कापूस पिंजायचा, सूत काढायचं आणि उजाडायच्या आत कापड विणून त्याच्या अंगावर घालायचं. तेच त्याचं कवच. ते अंगावर असलं की शस्त्र लागत नाही, असा समज. शत्रू चालून आला. त्या रात्री सरदाराच्या बायकोची पाळी होती. तिला मागाला शिवता येईना. सरदार कवचाविना गेला आणि मारला गेला. बातमी आल्यावर त्या बाईनं त्याचं चिलखत अंगावर चढवलं, तलवार घेतली आणि रणात उतरली. शत्रूच्या सैन्यात घुसून तिनं माणसं कापली, त्यांचा एक सरदारही मारला आणि लढता लढता पडली.

मी तिचं नाव इथे लिहीत नाही, ताईचंही लिहीत नाही. दोघींच्या नावाला लोकांनी जे वाक्य चिकटवलं आहे, ते नावाबरोबर पुन्हा छापलं जावं असं मला वाटत नाही.

"तिकडे तिला विसरले नाहीत लोक," काकी म्हणाल्या. "मुलींची नावं तिच्यावरून ठेवतात. शाळेत नाटक असतं. मी सातवीत होते, मी तीच झाले होते. पुठ्ठ्याची तलवार, चांदीचा कागद लावलेली. पण मास्तरांनी नाटक कुठून सुरू केलं माहीत आहे? मी मागाजवळ बसून रडते. 'हाय, मैं कपड़ा नहीं बुन पाई, मेरे कारण...' अर्धं नाटक तेच. तलवार शेवटी, घंटा वाजायच्या आधी पाच मिनिटं."

"आणि तुम्ही रडलात?"

"मग? गुण कापले असते." काकी हसल्या. "आमचे एक काका होते. घरात कुठल्याही मुलीचं लग्न झालं की तिला ही गोष्ट सांगायचे. मान बान कुछ नहीं. सांगायचे ते एवढंच, की कापड वेळेवर तयार ठेव. देखो, नहीं रखा तो क्या हुआ."

मी उसळले. म्हटलं ही सगळी सरंजामी भाकडकथा आहे. बाईला आधी दोषी ठरवायचं, मग तिला मरायला लावायचं आणि मग तिच्या नावानं नाटकं करायची. माझं भाषण बराच वेळ चाललं असावं, कारण काकींचा चहा थंड झाला.

"झालं?" त्या म्हणाल्या. "गेटवरचा तुझा परचा वाचून कुणी तलवार उचलली का आजपर्यंत? नाही ना. मग ऐक. माझी एक मावशी होती, विणकाम करणारी. काका गोष्ट सांगून गेले की ती आम्हा मुलींना आत बोलवायची आणि विचारायची, त्या लढाईत कितने मरे? हजारों. सबके बदन पर कपड़ा था. त्यांच्या बायका सगळ्या रात्रभर विणत होत्या ना? मग ते का मेले? विचारा काकांना."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं. थप्पड़ पड़ा."

कोपऱ्यातून ताईचा आवाज आला. इतक्या दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं ते हे. "काकी, तिनं ज्याला मारलं, तो कोण होता? ज्यानं तिच्या नवऱ्याला मारलं तोच का?"

काकी तिच्याकडे वळल्या. "कुणी म्हणतं तोच. कुणी म्हणतं दुसराच सरदार. शत्रूचा मोठा सेनापती मात्र तेव्हा मेला नाही. त्याच्याच माणसांनी तिला मारलं."

ताईनं तांदळातला खडा काढून दाराबाहेर फेकला. "म्हणजे तिचं काम अर्धंच झालं," ती म्हणाली. "मला मरायचं नाही. पण त्याला मी सोडणार नाही."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा कामगारांच्या बायकापोरांना गेटच्या आत सोडतात. रिअॅक्टरना झेंडूच्या माळा घालतात, पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, नारळ फुटतो, आरती होते आणि सगळ्यांना बुंदीचा पुडा मिळतो. त्या वर्षी कंपनीनं आम्हालाही बोलावलं. भाऊजींच्या फोटोला हार घालायचा आहे, असा निरोप होता. मावशी म्हणाली, "मी जाईन. तू नको येऊ. सवाष्णींच्यात तुजा काय काम?"

ताई उठली, देवाच्या फळीवर तिथेच पडून राहिलेलं भाऊजींचं फडकं तिनं उतरवलं, धुतलं, तीन पदरी घडी घातली, सोड्याच्या पाण्यातून काढून पिळलं आणि पिशवीत टाकलं. मावशी बघत राहिली. मला वाटलं, फोटोपुढे ठेवायला नेत असेल.

कारखान्याची शेड पाण्यानं धुतली होती. यंत्रं बंद, त्यामुळे सगळ्यांचे आवाज घुमत होते. पोरं माळांतली फुलं ओढत होती. मालकाच्या घरचे दोघे-तिघे खुर्च्यांवर होते. ज्या रिअॅक्टरनं भाऊजींना मारलं, त्याच्याच पायाशी स्टुलावर त्यांचा फोटो ठेवला होता. आरती झाली. सुपरवायझरनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटली. मग तो बायकांच्या बाजूला वळला.

"माझ्या भगिनींनो," तो म्हणाला, "आज या फोटोकडे बघा. असा सोन्यासारखा माणूस आमच्यातून गेला. कशासाठी? एका फडक्यासाठी. कारखाना आपली काळजी घेतोच. पण घरची लक्ष्मी जागी असेल, तरच कामगार सुरक्षित राहतो. आज या यंत्राच्या साक्षीनं शपथ घ्या, की तुमच्या घरचा माणूस फडक्याशिवाय बाहेर पडणार नाही."

काही बायकांनी खरोखर माना डोलावल्या. माझ्या हातातला बुंदीचा पुडा मी दाबला आणि तो फुटला.

ताई पुढे गेली. घाईनं नाही. पिशवीतून तिनं फडकं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"साहेब, हे तुमच्यासाठी."

त्यानं घेतलं. ओलं लागल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. "काय आहे?"

"फडकं. तीन पदरी. सोड्याच्या पाण्यातलं. बांधा."

तो हसला आणि खुर्च्यांकडे बघत म्हणाला, "अहो ताई, आज प्लँट बंद आहे."

"म्हणूनच सांगते. बंद आहे, धुतलाय, आत माल नाही. मी झाकण उघडते. तुम्ही फडकं बांधून तोंड आत घाला आणि आत्ता म्हटलीत ती आरती एकदा म्हणा. एकच कडवं म्हणा."

ताई लोखंडी पायऱ्या चढून रिअॅक्टरच्या तोंडाशी गेली. झाकणाचे नट हातानं हलेनात. मागच्या कामगारांतून कुणीतरी पाना पुढे केला. कुणी केला ते कुणीच पाहिलं नाही, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. ताईनं नट ढिले केले. झाकण सगळं उघडलंही नव्हतं, फट पडली होती, तरी तो वास खाली उतरला. धुतलेल्या, रिकाम्या भांड्याचा वास. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. मालकाच्या घरची एक बाई उठून उभी राहिली.

"या ना साहेब," ताई वरून म्हणाली. "फडकं आहे ना तुमच्याकडे."

"हा काय तमाशा आहे!" सुपरवायझर ओरडला आणि ओरडताना मागे सरला. "सिक्युरिटी! खाली उतरवा तिला!"

सिक्युरिटीवाला जागचा हलला नाही. त्याचाच भाऊ त्या शेडमध्ये भरणी करायचा.

"बांधा ना साहेब," बायकांतून कुणीतरी म्हणालं. "आत्ताच तर शपथ घालत होता आम्हाला."

"नाहीतर पंखा लावा!" पुरुषांतून आवाज आला. "चालू आहे का आज तरी?" त्यावर मोठ्यानं हसू फुटलं. असं हसू मी मोर्च्यांत कधी ऐकलं नव्हतं. त्यात दया नव्हती.

तेव्हा मावशी पुढे झाली. मला वाटलं, ती ताईला खाली ओढणार. ती सुपरवायझरच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालते तशी, कमरेवर हात ठेवून.

"बांद," ती म्हणाली. "माज्या पोराला भर म्हनलास तवा भ्या नाय वाटला? आता कामून मागं सरतोस? रिकामा हाय ना ता? बांद!"

तो बाजूच्या दारानं निघून गेला. तो पळाला नाही, हे मी नोंदवते. भरभर चालत गेला. हातातलं फडकं खाली टाकायचं त्याला सुचलं नाही, ते हातातच राहिलं, आणि आवारातून जाताना सगळ्यांनी ते पाहिलं. खुर्च्यांवरची माणसं घड्याळाकडे बघत उठली. ताईनं नट पुन्हा आवळले, पाना पायरीवर ठेवला आणि खाली उतरली. फोटोला हार घालायचा राहिलाच होता. तो तिनं घातला.

संध्याकाळी काकी धावत आल्या. "मारा उसको?"

"नाही. सटकला," मी म्हटलं.

"अच्छा है," काकी म्हणाल्या. "मेला असता तर त्याचाही फोटो लागला असता."

त्यानंतर न्याय झाला, असं मी लिहिणार नाही. चौकशीत पंख्याचं कुणी विचारलं नाही. ताईला गेटच्या आत पाऊल टाकायची कायमची बंदी झाली. मास्क नवीन आले, रबराचे, आणि जुन्या कपाटातच गेले. सफाईला कंत्राटदार डोंगरातून जी माणसं आणायचा, त्यांना तर फडकंही कुणी विचारत नव्हतं. सुपरवायझर काही महिन्यांनी बदली घेऊन वापीला गेला आणि तिथे मोठ्या हुद्द्यावर चढला, असं ऐकलं.

पण ते काही महिने तो बोईसरला होता, आणि मावशी बाजारात होती. कोळणींमध्ये एक रीत आहे. एकीच्या घरात कुणाला बाहेरच्यानं बुडवलं, तर त्याच्या घरी टोपली उतरत नाही. कुणाचीच टोपली. मावशीनं ती रीत लावली. सुपरवायझरची बायको बाजारात आली की पापलेट झाकली जायची.

"हे विकायचे नाहीत का?"

"इकायचे हाईत. तुमाला नाय."

"बोंबील तरी द्या."

"गेले."

"समोर तर दिसतायत."

"तुमच्या डोल्याला दिसतात. माज्या डोल्याला गेले."

सुकट नाही, जवळा नाही, खारवलेली मांदेलीसुद्धा नाही. ती बाई बंगाली की ओडिया होती, मासळीशिवाय जेवण न जाणारी. तिचे डोळे भरून यायचे. हे मला पटेना. मी मावशीला म्हटलं, "मावशी, तिचा काय दोष? नवऱ्याचं पाप बायकोवर का?"

मावशीनं कोयता खाली ठेवला नाही. "माज्या सुनेचा काय दोष व्हता?" ती म्हणाली. "तवा तुमी कागद वाटत व्हता. आता दोष मी वाटतंय."

हा युक्तिवाद चुकीचा आहे. मी जितकी पत्रकं वाचली आहेत त्या सगळ्यांच्या हिशेबानं चुकीचा आहे. तरीही दर आठवड्याला मी बाजारात जायचे, त्या बाईची पिशवी रिकामी परत जाताना बघायचे आणि घरी येऊन चांगली जेवायचे.

मावशीनं ताईची माफी मागितली नाही. आमच्याकडे कुणी मागत नाही. पण मागच्या दाराशी असलेलं गोणपाट एके दिवशी दिसेनासं झालं. मी विचारलं तर म्हणाली, "उंदरांनी खाल्ला."

आता नव्वदचं दशक अर्ध्यावर आलंय. बोईसर वाढलं. नव्या चाळी, नव्या सुना. खंडेनवमीची ती गोष्ट अजून सांगितली जाते आणि दरवेळी थोडी बदलते. कुणी म्हणतं, तिनं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. कुणी म्हणतं, तिनं त्याला रिअॅक्टरमध्ये ढकललं. आणि मागच्या महिन्यात मी मावशीच्या टोपलीशी उभी असताना एक सासू तिच्या नव्या सुनेला सांगत होती, "कंपनीत जायचं फडकं वेळेवर देत जा गं. इथे एक होती, तिनं दिलं नाही, नवरा गेला, मग त्या पश्चात्तापानं वेडी होऊन कंपनीत जाऊन ओरडली म्हणे."

माझ्या अंगाची आग झाली. गोष्ट अशी उलटायला तिकडे चारशे वर्षं तरी मिळाली होती, आमच्याकडे दहासुद्धा लागली नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं हातातला माशाचा तुकडा फळीवर आपटला.

"ए बाय. इकडं ये. कोनाची गोष्ट सांगतेस? ती माजी सून हाय. आता ऐक. पैला म्हंजे तितला पंका बंद व्हता. समजला? पंका बंद. आनि मी व्हते दातिवऱ्याला, लग्नात, मांडवात नाचत. फडका देयाचा माजा दीस व्हता. माजा, हिचा नाय. आनि फडका दिला आसता तरी पोरगा जानारच व्हता, बाजूचा फडकेवाला बी पडला ना! मंग माजी सून कंपनीत गेली. त्या भाड्याला म्हनाली, बांद. त्यो असा घाबरला, असा घाबरला, की चड्डीतच मुतला सगल्यांसमोर."

नवी सून तोंडावर हात ठेवून हसली. तिची सासू मासळी न घेताच निघाली.

ताई शेजारी बसून कोलंबी सोलत होती. ती हल्ली मावशीबरोबर बाजारात बसते. मान वर न करता म्हणाली, "आई, तो मुतला नव्हता."

"नसंल," मावशी म्हणाली. "पन मुतायला पायजे व्हता का नाय?"

ताईनं थोडा विचार केला. "हवा होता," ती म्हणाली.

"मंग झाला," मावशी म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.